कन्फर्मेशनचा ‘स्पॉन्सर’ म्हणजे पैसे देणारा नव्हे. मग त्याचं नेमकं काम काय?

ठाण्यात किंवा डोंबिवलीत ‘स्पॉन्सर’ हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर फ्लेक्स येतो. दहीहंडीचा, नाहीतर अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेचा. खाली हात जोडलेले पाच-सहा चेहरे आणि ‘सौजन्य’ असं लिहिलेली ओळ. त्यामुळे वर्गातली एखादी कॅथलिक मैत्रीण “माझ्या कन्फर्मेशनसाठी घरचे स्पॉन्सर शोधतायत” म्हणाली, तर समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, किती खर्च आहे?

खर्च जवळपास शून्य आहे. चर्चच्या भाषेत स्पॉन्सर म्हणजे त्या मुलाच्या किंवा मुलीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. आणि पाठीशी म्हणजे अक्षरशः पाठीशी. बिशपसमोर मूल उभं असतं, तेव्हा स्पॉन्सरने त्याच्या मागे उभं राहून उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचा असतो. एका मुलामागे हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. पण त्या अर्ध्या मिनिटाच्या अलीकडे आणि पलीकडे काय करायचं, हे बऱ्याच स्पॉन्सरना कुणी सांगतच नाही. मग एक घड्याळ गिफ्ट दिलं, केक कापताना फोटो काढला की जबाबदारी संपली असं वाटतं.

आधी, कन्फर्मेशन म्हणजे काय?

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार मानले जातात. त्यातले तीन माणसाला चर्चचा पूर्ण सदस्य करतात: बाप्तिस्मा, कन्फर्मेशन आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजेच कम्युनियन. मराठीतून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकणाऱ्या घरांत कन्फर्मेशनला ‘दृढीकरण’ म्हणतात. शब्द नेमका आहे. बाळ तान्हं असताना त्याच्या वतीने आईवडील आणि गॉडपेरेंट्स श्रद्धेची वचनं देतात. कन्फर्मेशनच्या वेळी तीच वचनं मूल स्वतःच्या तोंडाने देतं. अर्थात, चर्चच्या मते हा फक्त मुलाचा होकार नाही. बाप्तिस्म्यात मिळालेला पवित्र आत्मा इथे विशेष सामर्थ्य देतो, आणि आपली श्रद्धा चारचौघांत जगण्याची जबाबदारी त्या मुलावर येते, असं चर्च शिकवतं.

“म्हणजे मुंजीसारखं का?” हा प्रश्न हमखास येतो. वयाचा टप्पा सोडला तर हे साम्य फार ताणू नये. कन्फर्मेशन मुलगे आणि मुली दोघांचंही होतं, ते आयुष्यात एकदाच होतं आणि त्यासाठी मुलाची स्वतःची तयारी असणं ही अट आहे. चर्चच्या कायद्यात साधारण समज येण्याचं वय सांगितलेलं आहे आणि ते बदलण्याची मुभा प्रत्येक देशातल्या बिशपांच्या परिषदेला दिलेली आहे. मुंबई परिसरात हा संस्कार सहसा किशोरवयात होतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा घरात दहावीची चाहूल लागलेली असते.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा सगळा पट्टा मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात येतो. वसई १९९८ मध्ये वेगळा धर्मप्रांत झाला, हा पट्टा मात्र मुंबईकडेच राहिला. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचं. पण ठाण्याचं ख्रिस्ती धर्माशी नातं त्याहून जुनं आहे. १३२१ मध्ये, म्हणजे वास्को द गामा भारतात येण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार असे चार फ्रान्सिस्कन मिशनरी ठाण्यात मारले गेले. कॅथलिक परंपरेत त्यांना ‘ठाण्याचे हुतात्मे’ म्हणतात. हुतात्म्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द ‘मार्टिर’, आणि त्याचा अर्थ साक्षीदार. चर्चचा कायदा स्पॉन्सरचं काम सांगताना हाच शब्द वापरतो: ज्याचं दृढीकरण झालंय तो ख्रिस्ताचा खरा साक्षीदार म्हणून वागेल, याकडे स्पॉन्सरने लक्ष द्यायचं.

स्पॉन्सर कोण होऊ शकतो?

१९८३ पासून लागू असलेल्या चर्चच्या कायद्यात याच्या अटी स्पष्ट आहेत. सोळा वर्षं पूर्ण झालेली असावीत (बिशप वेगळं वय ठरवू शकतात आणि अपवादही असतो). व्यक्ती कॅथलिक असावी, तिचं स्वतःचं कन्फर्मेशन आणि कम्युनियन झालेलं असावं. तिचं जगणं या जबाबदारीला साजेसं असावं, ती चर्चच्या कुठल्या शिक्षेखाली नसावी. आणि ती त्या मुलाची आई किंवा वडील नसावी.

शेवटच्या अटीचं अनेकांना आश्चर्य वाटतं. आईवडील तर सगळ्यात जवळचे, मग ते का नाहीत? कारण त्यांची भूमिका आधीच ठरलेली आहे. स्पॉन्सर ही जादाची व्यक्ती आहे. मुलाला घराबाहेरचं पण हक्काचं आणखी एक मोठं माणूस मिळावं, असा त्यामागचा विचार दिसतो. पंधराव्या वर्षी आईला न विचारता येणारे प्रश्न किती असतात, हे पंधरावं वर्ष आठवणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मोठी बहीण चालते, आजी चालते, काका-मावशी चालतात, शेजारच्या बिल्डिंगमधली कॅथलिक टीचरही चालते. हिंदू किंवा मुस्लिम जिवलग मित्र मात्र चालत नाही, आणि प्रोटेस्टंट नातेवाईकही स्पॉन्सर होऊ शकत नाही. त्यांनी समारंभाला जरूर यावं, पहिल्या रांगेत बसावं. फक्त खांद्यावर हात ठेवायचं काम त्यांचं नाही.

इथे घरोघरी एक वाद होतो. आजी ठामपणे सांगते, “बाप्तिस्म्याचा गॉडफादर परत चालत नाही, दुसरा माणूस लागतो. आणि मुलीला बाईच पाहिजे.” फादर सांगतात की चालतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. १९१७ च्या जुन्या कायद्यात कन्फर्मेशनचा स्पॉन्सर शक्यतो बाप्तिस्म्याच्या गॉडपेरेंटपेक्षा वेगळा आणि मुलाच्याच लिंगाचा असावा असं होतं. १९८३ च्या कायद्याने हे उलटं केलं: बाप्तिस्म्याचाच गॉडपेरेंट असेल तर उत्तम, आणि स्त्री-पुरुषाची अट नाही. आजीला अजून एक गोष्ट आठवत असते, बिशप गालावर हलकी चापट मारायचे ती. पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये सुधारित विधीला मान्यता दिली, त्यात ती चापट राहिली नाही. नातवंडांना हे सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

दुबईचा मामा की खालच्या मजल्यावरची आंटी?

खरी अडचण नियमांची नाही, माणसांची आहे. डोंबिवली-कल्याणकडची बरीच कॅथलिक कुटुंबं मूळची इथली नाहीत. कुणी गोव्याचं, कुणी मंगळुरूचं, कुणी तमिळनाडूचं, कुणी केरळचं, कुणी वसईहून आलेलं. मुंबईतली घरं परवडेनाशी झाली तशी लोकलच्या मार्गाने माणसं पुढे सरकली. ज्यांना बाप्तिस्म्याला गॉडपेरेंट केलं होतं, ते आज आखातात, कॅनडात नाहीतर मडगावला आहेत. गोव्याकडच्या कोंकणी घरांत त्यांना पोर्तुगीज वळणाने ‘पाद्रीन’ आणि ‘माद्रीन’ म्हणतात. नातं मानाचं असतं, आणि मानाचं असल्यामुळेच ते टाळता येत नाही.

मग घरात बोलणी सुरू होतात. “दुबईच्या मामाला नाही विचारलं तर त्याला वाईट वाटेल.” “गेल्या वेळी आपण त्यांच्या मुलीला उभे राहिलो होतो, आता त्यांची पाळी.” या सगळ्या हिशेबात ज्याचं कन्फर्मेशन आहे त्या मुलाला कुणी विचारतच नाही.

हा प्रश्न एकट्या डोंबिवलीचा नाही. इटलीतल्या सिसिली बेटावर कातानिया नावाचा महाधर्मप्रांत आहे. तिथे ऑक्टोबर २०२१ पासून तीन वर्षांसाठी गॉडपेरेंट नेमणंच थांबवण्यात आलं. ही जागा श्रद्धेपेक्षा ओळखी वाढवण्याची, प्रतिष्ठेची आणि महागड्या भेटवस्तूंची झाली होती, अशी तिथल्या चर्चची तक्रार होती. गुन्हेगारी टोळ्याही या नात्याचा वापर करत होत्या. आपल्याकडे प्रकरण इतकं टोकाला गेलेलं नाही, पण ‘कोणाला वाईट वाटेल’ या निकषावर माणूस निवडण्याची सवय त्याच रस्त्यावरची आहे.

निवडताना एक साधा प्रश्न पुरतो. पुढच्या वर्षभरात हा माणूस मुलाला किती वेळा प्रत्यक्ष भेटेल? दुबईचा मामा खरोखर दर रविवारी व्हिडिओ कॉल करणारा, मुलाची नाडी ओळखणारा असेल तर तोच योग्य. पण तो फक्त ख्रिसमसला चॉकलेटं घेऊन येत असेल, तर खालच्या मजल्यावरची आंटी बरी. ती जिन्यात भेटते, मिस्सेला दिसते आणि मुलाचा चेहरा पडला असेल तर तिच्या लक्षात येतं. मामाला समारंभाला बोलवावं, जेवणाला मानाने बसवावं. त्याची जागा तशीच राहते.

लांबच्या स्पॉन्सरच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा माणूस उभा करता येतो का, असंही विचारलं जातं. याचं उत्तर आपल्या पॅरिशमध्येच घ्यावं आणि तेही वेळेवर. आदल्या दिवशीच्या रिहर्सलला हा प्रश्न काढला तर सगळ्यांचीच धांदल उडते.

जो प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही

समजा, मुलाचा सगळ्यात लाडका काका आहे. दर रविवारी चर्चला येतो, मुलाला गिटार शिकवतो. पण त्याने हिंदू मुलीशी लग्न केलंय. तो स्पॉन्सर होऊ शकतो का?

उत्तर लग्न कसं झालं यावर आहे. कॅथलिक व्यक्तीला ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करता येतं, त्यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी लागते आणि जोडीदाराला धर्म बदलावा लागत नाही. असं रीतसर परवानगीने झालेलं लग्न अडचण ठरत नाही. मात्र लग्न फक्त १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर केलं असेल आणि चर्चची परवानगी घेतलेली नसेल, तर चर्चच्या दृष्टीने ते लग्न वैध ठरत नाही, आणि स्पॉन्सर म्हणून सहसा नकार येतो. देशाच्या कायद्यात ते लग्न शंभर टक्के पक्कं आहे, ही गोष्ट वेगळी.

ठाणे-डोंबिवलीसारख्या मिश्र वस्तीत अशी लग्नं दुर्मिळ नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॅरिशच्या फादरना एकांतात विचारायचं, मग काकाला. फॅमिली ग्रुपवर आधी जाहीर करून नंतर नकार कळवायचा, यापेक्षा वाईट क्रम नाही. त्यात काका दुखावतो, त्याची बायको उगाच अपराधी ठरते आणि मुलाच्या मनात त्या दिवसाची कडू आठवण राहते. काही वेळा फादर लग्न चर्चमध्ये नियमित करून घ्यायचा मार्गही सुचवतात. पण तो त्या जोडप्याचा निर्णय. पुतण्याच्या कन्फर्मेशनची तारीख जवळ आली म्हणून तो त्यांच्या गळी उतरवणं शहाणपणाचं नाही.

बहुतेक ठिकाणी स्पॉन्सर दुसऱ्या पॅरिशचा असेल तर तिथल्या फादरचं पत्र किंवा त्याच्या स्वतःच्या कन्फर्मेशनचा दाखला मागतात. कुणाचा दाखला मंगळुरूला, कुणाचा म्हापशाला. ही कागदं येण्यात आठवडे जातात.

निवड झाली. आता करायचं काय?

संडे स्कूलमध्ये मुलं धडे शिकतातच. पवित्र आत्म्याची सात दानं कोणती, बिशप काय विचारतात, उत्तर काय द्यायचं. स्पॉन्सरने दुसरी शिकवणी लावायची गरज नाही. नववी-दहावीच्या मुलाच्या आयुष्यात आधीच क्लासेसची काही कमी नसते. शाळा, कोचिंग, टेस्ट सिरीज, आणि रविवारी सकाळी उरलेली झोप मोडून संडे स्कूल. त्यात आणखी एक मोठा माणूस वही घेऊन आला तर मूल मनातून कधीच निघून गेलेलं असतं.

स्पॉन्सरकडे जे असतं ते पुस्तकात नसतं: श्रद्धा जगताना स्वतःला आलेला अनुभव. पगार थांबला तेव्हा प्रार्थना केली होती का? आई गेली तेव्हा देवाचा राग आला होता का? मध्ये काही वर्षं चर्चला जाणं सोडलं होतं, ते का, आणि परत का आलो? हे मोकळेपणाने सांगणारा मोठा माणूस मुलांना क्वचित भेटतो. आपल्या शंका लपवून आदर्श पुतळा बनून राहणारा स्पॉन्सर मुलांना ओळखू येतो. ती त्याच्यासमोर शहाण्यासारखी बसतात आणि काहीच सांगत नाहीत.

भेटण्याचे मार्ग अगदी साधे असू शकतात. महिन्यातून एकदा मिस्सेला एकत्र जायचं आणि नंतर वडापाव खायचा. एखाद्या बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जायचं. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून माहीम. गर्दीत उभ्याने केलेल्या त्या प्रवासात मुलं समोरासमोर बसून कधी बोलणार नाहीत असं बरंच बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. पॅरिशमध्ये गरजू कुटुंबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर तिच्यासोबत एखाद्या घरी जायचं. ‘सेवा’ या विषयावर दहा वाक्यं पाठ करण्यापेक्षा एका आजारी माणसाच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून घेतलेला चहा जास्त शिकवतो.

काही पॅरिशमध्ये मुलांना एखाद्या संताचं नाव निवडायला सांगतात. इंटरनेटवर पहिलं दिसलेलं नाव उचलण्याआधी स्पॉन्सरने थोडी गंमत आणावी. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर मारले गेले, आणि १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. दुसरं टोक आजचं: इटलीचा कार्लो अक्युटिस. कॉम्प्युटरवेडा मुलगा, २००६ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संत झाला. आपल्याच वयाचा, जीन्स घालणारा संत आहे हे कळलं की मुलांचा चेहरा बदलतो.

भाषेचाही एक पेच आहे. आजी कोंकणीत किंवा तमिळमध्ये रोझरी म्हणते, आईवडील घरी अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलतात, मूल इंग्रजी शाळेत जातं. प्रार्थना कुठल्या भाषेत मनापासून येते, हे मुलालाच ठरवू द्यावं. मराठीत वाचायची आवड असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ ही स्पॉन्सरने द्यावी अशी भेट आहे. तेच दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळालाय. घड्याळापेक्षा स्वस्त पडतं, हा आणखी एक फायदा.

आणि कठीण प्रश्न येणारच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास होती. वर्गात साठ मुलं असतील तर आपण कदाचित एकटेच. “तुमचे पूर्वज कन्व्हर्ट झाले ना?” हा प्रश्न कधी उत्सुकतेने येतो, कधी टोमणा म्हणून. विज्ञान आणि बायबल, चर्चमधले गैरप्रकार, समलिंगी मित्राबद्दल फादर जे म्हणाले ते पटलं नाही तर काय, हे सगळं मुलं इन्स्टाग्रामवर वाचत असतात. स्पॉन्सरला प्रत्येकाचं उत्तर आलंच पाहिजे असं नाही. “मला माहीत नाही, आपण शोधू” हे चालतं. “असे प्रश्न विचारायचे नसतात” हे चालत नाही. त्यानंतर मूल प्रश्न विचारायचं थांबत नाही, फक्त स्पॉन्सरला विचारायचं थांबतं.

मूलच म्हणालं, “मला नाही करायचं” तर?

स्पॉन्सरची खरी कसोटी लागते ती इथे. हॉल बुक झालाय, गोव्याची तिकिटं काढली आहेत, ड्रेस शिवून आलाय, आणि मूल हळूच म्हणतं, “माझा देवावर विश्वास आहे की नाही, मलाच माहीत नाही.” घरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: सगळ्यांचं होतंय, तुझंही होऊ दे, नंतर बघू.

पण चर्चचा नियम या बाबतीत घरच्यांच्या बाजूने नाही. समज आलेल्या व्यक्तीने हा संस्कार घेताना तिला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं, मनाची योग्य तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचनं स्वतः देता यावीत, अशी अपेक्षा आहे. हा संस्कार पुन्हा घेता येत नाही, पण पुढच्या वर्षी नक्की घेता येतो. अशा वेळी स्पॉन्सरने मुलाचा वकील व्हावं, विरुद्ध पक्षाचा नव्हे. आधी शांतपणे ऐकून घ्यायचं. शंका आहे की नुसता परीक्षेचा ताण, की संडे स्कूलमध्ये कुणी चिडवतंय, हे समजून घ्यायचं. मग मुलासोबत फादरकडे जायचं. बऱ्याचदा शंका म्हणजे नकार नसतो. मूल विचार करू लागलंय, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण खराच नकार असेल, तर तो आईवडिलांपर्यंत पोहोचवताना मुलाच्या बाजूला बसणारा माणूस लागतो. खांद्यावर हात फक्त वेदीसमोरच ठेवायचा असतो असं थोडंच आहे?

गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका

मुलं विश्वासाने काहीबाही सांगतात. बहुतेक गोष्टी पोटात ठेवण्यासारख्याच असतात. पण “कुणाला सांगणार नाहीस ना?” या प्रश्नाला आधीच ‘हो’ म्हणू नये. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरने कुणालाही सांगायचं नसतं. स्पॉन्सरला तो नियम लागू नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय हे ज्याला कळतं, त्याच्यावर ते पोलिसांना कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. आरोपी नातेवाईक असो, शिक्षक असो की चर्चमधला कुणी, बंधन तेच. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल तर आईवडिलांना सांगावंच लागतं, आणि सरकारच्या ‘टेली मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकाला फोन करता येतो. “तुला धोका आहे असं वाटलं तर मी मदत मागणार, पण तुला सांगूनच” हे पहिल्याच भेटीत सांगितलं तर नंतर विश्वासघात वाटत नाही.

स्पॉन्सरने स्वतःलाही चौकट आखून घ्यावी. भेटी मोकळ्या जागी आणि आईवडिलांना माहीत असलेल्या. रात्री उशिरा खाजगी चॅट नको. महागड्या भेटी, उसने पैसे नकोत. हेतू चांगला असला तरी हे पाळावं, कारण त्यामुळे इतर मोठ्या माणसांनी कसं वागायला हवं याचं मापही मुलाला मिळतं.

कल्याणच्या मल्याळी मित्राचं कन्फर्मेशन का नाही?

कल्याण-डोंबिवलीत हा गोंधळ नेहमी होतो. एकाच वर्गात दोन कॅथलिक मुलं, एकाचं कन्फर्मेशन नववीत आणि दुसऱ्याचं म्हणे बाळ असतानाच झालं. दोघंही खरं बोलत असतात. कॅथलिक चर्च एकच असलं तरी त्यात वेगवेगळ्या परंपरांची चर्च आहेत. मुंबईचा महाधर्मप्रांत लॅटिन परंपरेचा. केरळमधून आलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पूर्वेकडच्या या परंपरेत बाप्तिस्मा देतानाच पाद्री बाळाला पवित्र तेलाचा अभिषेकही करतात. म्हणजे कन्फर्मेशन तिथेच होतं.

त्यामुळे सीरो-मलबार कुटुंबातलं मूल जवळच्या लॅटिन चर्चच्या संडे स्कूलला जात असेल, तर मित्रांसोबत नाव नोंदवण्याआधी बाप्तिस्म्याचा दाखला नीट वाचावा. अभिषेकाची नोंद असेल तर संस्कार झालेला आहे, दुसऱ्यांदा होत नाही. मुलाला थोडं वगळल्यासारखं वाटू शकतं. फादरशी आधी बोललं तर त्याला वर्गात, रिट्रीटमध्ये सोबत ठेवता येतं.

त्या दिवशी, आणि नंतर

समारंभाला सहसा बिशप किंवा सहायक बिशप येतात. बिशप अधिकार देतील तर पाद्रीही संस्कार देऊ शकतात. शुभवर्तमान वाचून आणि प्रवचन होऊन मुलं वचनं देतात. बिशप सर्वांवर हात पसरून प्रार्थना करतात. मग एकेकजण पुढे येतो, स्पॉन्सरचा हात खांद्यावर, बिशप नाव घेऊन कपाळावर क्रिझम लावतात. क्रिझम म्हणजे ऑलिव्ह तेलात बाल्सम मिसळून केलेलं सुगंधी तेल, जे बिशपांनी ईस्टरच्या सुमारास पवित्र केलेलं असतं. मूल ‘आमेन’ म्हणतं, बिशप शांतीची शुभेच्छा देतात. या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या हातात मोबाइल धरून सेल्फी घेणारे स्पॉन्सर असतात. फोटोग्राफर आहे, तो त्याचं काम करेल.

कॅथलिकांमध्ये एक जुना विनोद आहे. चर्चच्या घुमटात वटवाघळं झाली होती, काही केल्या जाईनात. शेवटी एका फादरनी सल्ला दिला: त्यांचं कन्फर्मेशन करून टाका, परत दिसणार नाहीत. विनोद जगभर चालतो, कारण अनुभव जगभरचा आहे. मुलं याला पदवीदान समारंभ समजतात. त्यातच दहावीनंतर ज्युनिअर कॉलेज, जेईई, नीट. संडे स्कूल संपलेलं, युथ ग्रुपमध्ये ओळख नाही.

म्हणून स्पॉन्सरचं मोठं काम त्यानंतरच्या रविवारी सुरू होतं. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री एक मेसेज, निकाल लागल्यावर एक फोन, तोही टक्के न विचारता. युथ ग्रुपच्या पहिल्या मीटिंगला सोबत जाणं, कारण अनोळखी घोळक्यात एकट्याने शिरायला सोळाव्या वर्षी फार धीर लागतो. मूल मिस्सेला दिसलं नाही तर “का आला नाहीस?” असं विचारण्याऐवजी “बरा आहेस ना?” विचारणं.

एक काम मात्र त्याच आठवड्यात उरकावं. कन्फर्मेशनची नोंद पॅरिशच्या रजिस्टरमध्ये होते. मुलाचं, आईवडिलांचं, स्पॉन्सरचं नाव, जागा आणि तारीख तिथे लिहितात, आणि जिथे बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशला तसं कळवलं जातं. पुढे चर्चमध्ये लग्न करताना हा दाखला मागितला जातो. डिसोझा, डिसूजा, डी’सोझा यातलं नेमकं कुठलं स्पेलिंग आधार कार्डावर आहे आणि कुठलं बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, हे पॅरिश ऑफिसात जाऊन स्पॉन्सरने एकदा मुलासोबत तपासून घ्यावं.